ट्रॅक्टर ओढतो म्हणून ट्रॉली पेलत नाही

‘ट्रॅक्टर ओढतोय ना, मग भरा की अजून!’ गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या फडांत हे सर्रास ऐकू येते. ट्रॉली हलली म्हणजे वजन पेलले, ही समजूत चुकीची आहे आणि जीवघेणीही.

ट्रॅक्टर ओढतो इंजिनाच्या जोरावर. थांबतो मात्र ब्रेक आणि टायरच्या पकडीवर. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. उतारावर मागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचा रेटा एकट्या ट्रॅक्टरवर येतो. चढावर ओढ वाढली की त्याची पुढची चाके हलकी होतात, कधी उचललीही जातात. मग स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही.

दुसरी गल्लत आरसी बुकातल्या आकड्याची. ‘पासिंग १० टनांचे’ म्हणजे १० टन ऊस नव्हे. तो आकडा ट्रॉलीसकट एकूण वजनाचा. रिकामी ट्रॉली अडीच टनांची असेल, तर ऊस साडेसात टनच भरायचा. स्प्रिंगच्या पाट्यात एक पान वाढवले म्हणून एक्सल, टायर किंवा हूक भक्कम होत नाही. यांपैकी जे सर्वांत कमजोर, तिथेच गाडीची मर्यादा संपते.

‘कमी भरून परवडत नाही,’ ही वाहतूकदाराची तक्रार मात्र खरी आहे. भाडे टनावर मिळते, डिझेल खेपेला जळते. पण जादा भरून हे गणित सुटत नाही. फुटलेल्या टायरचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २० हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला २ हजार. एक्सलवरचा भार २० टक्क्यांनी वाढला, तर रस्त्याची झीज साधारण दुप्पट होते. आणि उलटलेल्या ट्रॉलीखाली सापडलेल्या दुचाकीस्वाराची भरपाई कोणत्याच भाड्यातून होत नाही.

उपाय साखर कारखान्याच्या दारातच आहे. काट्यावर वाहन भरलेले आणि रिकामे असे दोनदा तोलले जाते. जादा वजन कोणी, किती आणले याचा पुरावा तिथे रोज तयार होतो. कारखान्यांनी मर्यादेतल्या खेपेला परवडेल असा दर द्यावा आणि पासिंगपलीकडच्या टनांचे वाहतूक भाडे बंद करावे. ट्रॉलीत किती ऊस भरायचा, तो आकडा फळीवर ठळक रंगवावा. जादा भरण्यात फायदाच उरला नाही, तर फडात ‘अजून भरा’ म्हणायला कोणी धजणार नाही.