घाटमाथ्यावरून समुद्राकडे

लोणावळा म्हटले की चिक्की, धबधबे आणि पावसाळ्यातील गर्दी डोळ्यांपुढे येते; समुद्राची आठवण सहसा कोणाला होत नाही. तथापि सुमारे ६०० मीटर उंचीवरील या गावात १५ फेब्रुवारी १९४५ रोजी नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. युद्धनौकांची यंत्रे सांभाळणारे अभियंते आजही तेथे घडतात. तळेगावजवळ इंदुरी येथे तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट १९९८ पासून व्यापारी जहाजांसाठी अधिकारी तयार करीत आहे. मावळाला समुद्रकिनारा नाही. परंतु समुद्रावर जाणारी माणसे मावळात शिकतात.

हे नाते नवे नाही. कार्ले लेण्यांतील शिलालेखांत दात्यांची नावे व गावे कोरलेली आहेत. त्यांत वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे, सोपारा बंदरातील दाता आहे आणि धेनुकाकट येथील यवनही आहेत. कोकणातील बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर येत असे आणि देशावरचा माल त्याच वाटांनी बंदरांकडे जात असे. आज न्हावा शेवा बंदरातून निघालेला कंटेनर बोरघाटातूनच पुण्याकडे येतो.

या कंटेनरच्या भाड्याचा मात्र विचार करावयास हवा. पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे सांगितले, की भारत परदेशी जहाज कंपन्यांना दरवर्षी सुमारे ७५ अब्ज डॉलर, म्हणजे जवळपास सहा लाख कोटी रुपये, भाड्यापोटी देतो. पन्नास वर्षांपूर्वी देशाच्या व्यापाराचा ४० टक्क्यांहून अधिक भाग भारतीय जहाजे वाहून नेत. आज हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आले आहे. माल आपला, खलाशी आपले, परंतु जहाज परक्याचे, अशी ही स्थिती आहे.

ही उणीव शंभर वर्षांपूर्वी एका व्यापारी घराण्यातील माणसाने ओळखली होती. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम केले होते. याच वालचंदांनी १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी व अन्य सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून स्पर्धा केली, तरी सिंदिया टिकून राहिली. पुढे विशाखापट्टणम येथे तिने जहाजबांधणीचा कारखाना उभारला आणि १९४८ मध्ये तेथील ‘जल-उषा’ हे जहाज पाण्यात उतरले.

मग पुढच्या पिढ्यांचे भांडवल या व्यवसायाकडे का वळले नाही? व्यापाराची रक्कम वर्षातून अनेकदा फिरते; जहाजात घातलेली रक्कम मात्र वीस-पंचवीस वर्षे गुंतून पडते. भाड्याचे दर एका वर्षी चढतात, दुसऱ्या वर्षी कोसळतात. अशा मालमत्तेला अल्प मुदतीचे आणि चढ्या व्याजाचे कर्ज मानवत नाही. ही अडचण ओळखूनच केंद्र सरकारने मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मंजुरी दिली. त्यांत २५,००० कोटींचा सागरी विकास निधी असून त्यातील ५,००० कोटी व्याजाचा भार हलका करण्यासाठी आहेत. योजनेचे यश मात्र खासगी भांडवल पुढे येते की नाही, यावर अवलंबून राहील.

केवळ जहाजे वाढली म्हणजे सागरी अर्थव्यवस्था टिकाऊ झाली, असे नव्हे. व्याजावर घर चालवावे, मुद्दलाला हात लावू नये, हा पेढीचा जुना नियम समुद्रालाही लागू पडतो. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर उभे राहत आहे. त्याला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, कारण तेथील समुद्र हेच त्यांचे मुद्दल आहे. बंदराचा नफा मांडताना ही बाजू वहीत न लिहिणे म्हणजे खोटा ताळेबंद करणे होय.

मावळातील माणसांचाही या मुद्दलाशी संबंध आहे. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते, भीमा कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. घाटमाथ्यावर टाकलेली चिक्कीची प्लास्टिक पिशवी शेकडो कोसांवरील समुद्रापर्यंत पोहोचू शकते.

व्यापारी कुटुंबांतील तरुण वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बहुधा दुकान किंवा शेअर बाजाराकडे वळतात. जहाजांचा वित्तपुरवठा, सागरी विमा, भाडेकरार आणि मालसाठवण ही क्षेत्रे त्याच विद्येची आहेत. त्यांसाठी समुद्रावर जाण्याचीही गरज नाही. आयात-निर्यात करणाऱ्या पेढ्यांनी निदान इतके करावे: वर्षभरात जहाजभाड्यापोटी किती रक्कम गेली आणि ती कोणत्या देशाच्या कंपनीला मिळाली, याची वेगळी नोंद ठेवावी. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी ती बेरीज घरातील तरुणांसमोर ठेवता येईल.