यश कोणाचे आणि खंड कोणाला?

व्हिडिओ गेम कन्सोलचे यशापयश यापुढे ऑनलाइन खेळावरच ठरणार, हे मत अलीकडे सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. आपल्यातील काही तरुण मित्रांनाही ते निर्विवाद वाटते. वस्तुतः ते इतिहासाला धरून नाही. शिवाय हे 'यश' नेमके कोणाचे, हा प्रश्न त्यात सोयीस्करपणे टाळलेला असतो.

'सेगा' कंपनीने १९९८ साली जपानात 'ड्रीमकास्ट' हा कन्सोल आणला. दूरध्वनीच्या तारेवरून खेळता यावे म्हणून त्यात मोडेम बसवूनच दिला होता. तरीही २००१ साली सेगाला कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडावे लागले. सोनीच्या 'प्लेस्टेशन २'मध्ये २००० साली ही सोय नव्हती. तिच्यासाठीचे उपकरण पुढे वेगळे विकत घ्यावे लागे. त्याची विक्री मात्र १६ कोटींच्या घरात गेली. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या 'एक्सबॉक्स'ला २००२ पासून सुसज्ज ऑनलाइन सेवेची जोड होती. तो सुमारे २.४ कोटींवर थांबला. निन्टेन्डोचा 'वी' २००६ साली आला आणि घरातल्या माणसांनी एकत्र खेळण्याच्या बळावर १० कोटींच्या पुढे गेला.

कोणी म्हणेल, हा जुना काळ झाला. आज दूरच्या मित्राबरोबर खेळण्याची सोय हवीच. मान्य आहे. पण या सोयीचे मूल्य निर्माण कोण करतो? खेळणारे जितके अधिक, तितका खेळ अधिक मोलाचा. म्हणजे हे मूल्य खेळाडूंच्या समुदायाने निर्माण केलेले आहे. त्यावर जकात मात्र कंपनी वसूल करते. 'प्लेस्टेशन ३'वर इतरांशी ऑनलाइन खेळणे विनाशुल्क होते. २०१३ च्या 'प्लेस्टेशन ४'वर बहुतेक विकतच्या खेळांसाठी त्याच गोष्टीची वर्गणी सुरू झाली. २०१८ साली निन्टेन्डोने तोच कित्ता गिरवला. विंडोजच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट असे शुल्क घेत नाही, कारण तेथे ग्राहकाला दुसऱ्या वाटा मोकळ्या आहेत. तेव्हा प्रश्न खर्चाचा नसून मक्तेदारीचा आहे. अशा उत्पन्नाला अर्थशास्त्रात खंड म्हणतात.

खंड आला की कूळही आले. 'युबिसॉफ्ट'ने २०१४ साली बाजारात आणलेला 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी आपले सर्व्हर बंद करून संपवला. एकट्याने खेळू इच्छिणाऱ्यालाही तो खेळता येईना. पैसे मोजून घेतलेली तबकडी निरुपयोगी ठरली. आपल्याकडील कुळाला १९४८ च्या कूळकायद्याने काही संरक्षण तरी दिले. या नव्या कुळाला तेवढाही आधार नाही.

ही व्यवस्था अटळ आहे असे मात्र मुळीच नाही. दर चोवीस तासांनी इंटरनेटवरून तपासणी झालीच पाहिजे, ही 'एक्सबॉक्स वन'ची अट ग्राहकांच्या रोषापुढे जून २०१३ मध्ये, विक्री सुरू होण्याआधीच मागे घ्यावी लागली. सेवा बंद करताना कंपनीने खेळ खेळण्याजोग्या स्थितीत सोडावा, या मागणीवर युरोपात २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या.

करमणुकीचा क्षुल्लक विषय म्हणून याकडे दुर्लक्ष करणे ही चूक ठरेल. विकलेल्या वस्तूवरील ताबा विक्रेत्याकडेच राहावा, ही रीत एकदा रूढ झाली की ती खेळापुरती राहणार नाही. वस्तू विकायची असेल तर मालकी द्या. भाड्याने द्यायची असेल तर तसे स्पष्ट सांगा आणि भाडेकरूचे हक्क मान्य करा. आपला आग्रह एवढाच, पण ठाम असला पाहिजे.