विश्लेषण : जुन्या ‘ट्यून’ केलेल्या मर्सिडीजची किंमत इंजिनवर ठरते की कागदांवर?

जर्मनीत मोटार तीस वर्षांची झाली की ती ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून नोंदवता येते. मर्सिडीजच्या ‘५०० ई’ या वेगवान सेडानच्या १९९५ मधील शेवटच्या गाड्यांनीही २०२५ मध्ये तिशी गाठली. अशी गाडी ‘एएमजी, ६ लिटर’ म्हणून विकायला निघते, तेव्हा पहिला प्रश्न असतो तो हे इंजिन कुणी आणि कधी बदलले, हा. एएमजीने त्या काळी तयार केलेली गाडी आणि नंतर कुठल्या तरी गॅरेजने तशी केलेली गाडी फोटोत सारखीच दिसते. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

‘५०० ई’ एवढी खास का?

वरवर पाहता ही ‘डब्ल्यू १२४’ मालिकेतली नेहमीची मर्सिडीज. याच मालिकेच्या गाड्यांची जुळणी १९९५ पासून पुण्यात सुरू झाली, त्यामुळे तो चौकोनी आकार इथेही ओळखीचा आहे. ‘५०० ई’च्या बॉनेटखाली मात्र ५ लिटरचे, ८ सिलिंडरचे, ३२६ अश्वशक्तीचे इंजिन होते. गाडी विकसित करण्याचे काम पोर्शेला दिले होते. चाकांवरचे मडगार्ड इतके रुंद झाले की गाडी मर्सिडीजच्या झिंडेलफिंगन येथील असेंब्ली लाइनवर मावेना. मग जुळणीही पोर्शेच्या कारखान्यात, रंग मर्सिडीजकडे, पुन्हा पोर्शेकडे, असा प्रवास सुरू झाला. एका गाडीला १८ दिवस लागत. पोर्शे तेव्हा आर्थिक अडचणीत होती, तिलाही काम हवेच होते. एकूण १०,४७९ गाड्या बनल्या.

मग खोच कुठे आहे?

एएमजी आज मर्सिडीजचाच भाग असली, तरी १९६७ मध्ये ती स्वतंत्र कंपनी म्हणून सुरू झाली आणि बहुसंख्य हिस्सा मूळ कंपनीकडे गेला तो १९९९ मध्ये. दरम्यानच्या काळात ग्राहक आपली गाडी एएमजीकडे पाठवून इंजिन ६ लिटरचे, ३८१ अश्वशक्तीचे करून घेऊ शकत. पुढे ‘ई ६०’ थेट मर्सिडीजकडे मागवता येऊ लागली. अशा गाडीच्या डेटा कार्डवर, म्हणजे कारखान्याच्या मूळ नोंदीत, ९५७ हा कोड असतो. परस्पर करून घेतलेल्या गाडीच्या कार्डवर त्याचा मागमूस नसतो. तिथे एएमजीचे जुने बिल हाच भक्कम पुरावा. डिकीवरचा बिल्ला कुणीही चिकटवू शकतो.

जर्मन कायदा काय म्हणतो?

तिथे ट्यूनिंगला बंदी नाही, पण धूर किंवा आवाज वाढवणारा, सुरक्षेला धोका आणणारा बदल तपासून कागदपत्रांत नोंदवला नाही, तर गाडीची रस्त्यावर चालण्याची मान्यताच संपते. ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ पाटी हवी असेल तर आणखी एक चाळणी लागते. बदल गाडीच्या पहिल्या दहा वर्षांतले किंवा त्या काळाला साजेसे हवेत. पाटी मिळाली की वार्षिक कर सरसकट १९१.७३ युरो. एरवी इंजिनच्या आकारावर कर लागतो, म्हणजे ६ लिटरवाल्याला तो जड जातो. शिवाय प्रदूषणनियंत्रित शहरी भागांत प्रवेश मिळतो. थोडक्यात, १९९३ चे एएमजी इंजिन चालते, पण आजचा टर्बो बसवला तर पाटी हुकते.

भारतात आणता येईल?

नाही. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे हवे, असा आयातीचा नियम आहे. ‘५०० ई’ फक्त डाव्या स्टिअरिंगची बनली. ५० वर्षांवरच्या ‘विंटेज’ गटात बसायलाही ती लहान आहे.

कागद चोख असले तरी?

बॉनेट उघडून वायरिंग बघावेच लागते. १९९२ ते १९९५ दरम्यानच्या अनेक गाड्यांत इंजिनच्या वायरींचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळते आणि तारा उघड्या पडतात. हा संच बदलल्याचे बिल विक्रेत्याकडे नसेल, तर तो खर्च घेणाऱ्याने किमतीतून आधीच वजा करायला हवा.