'डायस्पोरा'ची गोधडी

आपल्या साहित्य विभागांत गेली काही वर्षे एक शब्द फार सुखाने नांदतो आहे : डायस्पोरा. चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांवर तो असतो, प्रबंधांच्या शीर्षकांत तो असतो. एकदा तो उच्चारला की पुढचे शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहतात : मुळे, विस्थापन, स्मरणरंजन, दुभंगलेली अस्मिता. मग या एकाच गोधडीखाली कॅलिफोर्नियातला व्हिएतनामी दुकानदार, न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याची मुले सांभाळणारी नेपाळी बाई आणि न्यू जर्सीतला मराठी संगणक अभियंता असे सगळे शेजारीशेजारी निजवले जातात. गोधडी उबदार असते यात शंका नाही. पण तिच्याखाली कोणाचे पाय उघडे पडले आहेत हे बाहेरून दिसत नाही.

स्थलांतरितांच्या साहित्याची जी समीक्षा त्यांच्या वेतनाकडे, कर्जाकडे आणि कागदपत्रांकडे पाहत नाही, ती अपुरी तर आहेच, दिशाभूल करणारीही आहे, असे आमचे मत आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ आम्ही अमेरिकेतील दोन समाज निवडले आहेत : व्हिएतनामी आणि नेपाळी. दोघेही आशियाई, दोघांच्याही मागे युद्धाची किंवा यादवीची सावली, आणि दोघांबद्दलही आपल्याकडे ठरीव मते तयार. व्हिएतनामी म्हणजे चिवट, उद्योगी, राखेतून उठणारे. नेपाळी म्हणजे साधे, इमानी, अल्पसंतुष्ट. प्रश्न आर्थिक निघाला की आमचे समीक्षक या 'स्वभावां'चा आश्रय घेतात. ते किती पोकळ आहेत ते पाहू.

प्रथम आकडे. प्यू रिसर्च सेंटरने २०१९ च्या माहितीवरून दिलेल्या हिशेबानुसार अमेरिकेतील व्हिएतनामी कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न सुमारे ७० हजार डॉलर होते, तर नेपाळी कुटुंबाचे ५५ हजार. सर्व अमेरिकन कुटुंबांचा मध्यक ६१,८०० होता. म्हणजे एक समाज देशाच्या मध्यरेषेच्या वर, दुसरा खाली. एवढे वाचून 'चिवट' आणि 'अल्पसंतुष्ट' ही विशेषणे सिद्ध झाली असे ज्यास वाटेल, त्याने आणखी एक आकडा पाहावा. २०१० च्या जनगणनेत अमेरिकेत नेपाळी म्हणून नोंदलेले लोक सुमारे ६० हजार होते. २०२० मध्ये ते दोन लाखांवर गेले. म्हणजे या समाजातील बहुतेकांचा अमेरिकेतला मुक्काम एका दशकाचाही नव्हता. व्हिएतनामी समाज २० लाखांवर आहे आणि त्याच्या आगमनास आता अर्धशतक उलटले आहे. पन्नास वर्षांच्या झाडाची सावली आणि दहा वर्षांच्या रोपाची सावली मोजून मातीच्या गुणांविषयी निष्कर्ष काढणाऱ्यास काय म्हणावे?

परंतु केवळ काळाचा हिशेबही पुरेसा नाही. मूळ प्रश्न दाराचा आहे. कोण कोणत्या दाराने आत आला आणि आत येताना त्याच्या हातात काय दिले गेले, यावर पुढचे बरेच ठरते.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. त्या वर्षी सव्वा लाखाहून अधिक व्हिएतनामी अमेरिकेत आले. पहिल्या लाटेत सैन्यातले अधिकारी, सरकारी नोकर आणि शहरी सुशिक्षित यांचा भरणा मोठा होता. त्यांच्यासाठी मे महिन्यातच खास कायदा झाला. कॅलिफोर्नियातील पेंडलटन, आर्कान्सामधील चॅफी अशा चार लष्करी तळांवर त्यांची व्यवस्था झाली. चर्च, संस्था आणि कुटुंबे त्यांची पुरस्कर्ती म्हणून पुढे आली. १९७७ च्या कायद्याने त्यांना कायम वास्तव्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे होड्यांतून जीव मुठीत घेऊन आलेले लोक गरीब होते, कमी शिकलेले होते. पण तोवर १९८० चा निर्वासित कायदा आला होता आणि आरंभी केंद्र सरकार ३६ महिन्यांपर्यंत मदतीचा खर्च उचलत होते. हा उपकार नव्हता. हरलेल्या युद्धाचे ते देणे होते. परंतु ते दिले गेले, हे विसरून 'राखेतून उठण्या'ची कथा सांगता येत नाही.

याचा अर्थ त्यांचे सारे सुरळीत झाले असाही नव्हे. टेक्ससच्या किनाऱ्यावर कोळंबी धरणाऱ्या व्हिएतनामी कोळ्यांच्या मागे १९८१ मध्ये कू क्लक्स क्लान हात धुऊन लागली आणि तिला आवरण्यासाठी न्यायालयात जावे लागले. नखे रंगवण्याच्या व्यवसायाची कथा तर प्रसिद्धच आहे. १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत टिपी हेड्रेन या अभिनेत्रीने वीस व्हिएतनामी स्त्रियांना ते शिक्षण मिळवून दिले, आणि कालांतराने कॅलिफोर्नियातील या धंद्यावर व्हिएतनामींचे वर्चस्व आले. मात्र ही कथा सांगताना त्या दुकानांतली रसायनांची वाफ आणि दिवसभर वाकलेल्या पाठी सहसा वगळल्या जातात. कुटुंबाचे उत्पन्न मध्यरेषेच्या वर दिसते तेव्हा त्या घरात कमावणारे हात किती, हेही विचारावे लागते.

आता नेपाळी. त्यांच्यासाठी कोणताही खास कायदा झाला नाही. काही विद्यार्थी म्हणून आले. १९९६ ते २००६ च्या माओवादी संघर्षाच्या काळात काहींनी आश्रय मागितला. आणि पुष्कळ जण सोडतीत नाव निघाले म्हणून आले. अमेरिका वर्षानुवर्षे अशी सोडत काढत आली आणि नेपाळ हा तिच्या मोठ्या लाभार्थ्यांपैकी एक होता. सोडतीने आलेल्याला वास्तव्याचा परवाना मिळाला. पुरस्कर्ता मिळाला नाही, घर मिळाले नाही, मदतीचे महिने मिळाले नाहीत. काठमांडूच्या पदवीची तिथे किंमत होत नाही. मग पेट्रोल पंपावरचे किंवा उपाहारगृहातले काम, दुसऱ्यांच्या मुलांची आणि म्हाताऱ्यांची निगा.

२०१५ च्या एप्रिलमधील भूकंपानंतर अमेरिकेत असलेल्या नेपाळींना तात्पुरते संरक्षण मिळाले. 'तात्पुरते' हा शब्द येथे महत्त्वाचा. काही हजार लोकांनी त्या शब्दाच्या आधाराने दहा वर्षे काम केले, कर भरले, मुले वाढवली. जून २०२५ मध्ये सरकारने ते संरक्षण संपवण्याचे जाहीर केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ज्याच्या परवान्याची मुदत दर दीड वर्षाने वाढवावी लागते, त्याला दुकानासाठी कर्ज कोण देणार? तो वीस वर्षांचा बेत कशाच्या बळावर आखणार? अशा माणसाच्या सावधपणाला आम्ही 'अल्पसंतुष्टता' म्हणतो!

यांच्यातच नेपाळी बोलणारा आणखी एक प्रवाह आहे, आणि आमचे म्हणणे सर्वांत स्पष्ट होते ते त्याच्याकडे पाहून. भूतानने १९९० च्या सुमारास आपल्या नेपाळीभाषक ल्होत्साम्पा नागरिकांना देशाबाहेर ढकलले. एक लाखाहून अधिक लोक पूर्व नेपाळमधील झापा आणि मोरंगच्या छावण्यांत पडून राहिले. २००८ पासून त्यांतले ९० हजारांहून अधिक अमेरिकेत नेले गेले. ओहायोतील कोलंबस आणि पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग येथे त्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या. हेही निर्वासितच, व्हिएतनामींसारखेच. पण ३६ महिन्यांच्या मदतीची मुदत कमी होत होत १९९१ पासून आठ महिन्यांवर आली होती. छावणीत पंधरा-सतरा वर्षे घालवलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या शेतकऱ्याने आठ महिन्यांत स्वावलंबी व्हावे, अशी अपेक्षा. आणि हे सारे २००८ च्या मंदीच्या तोंडावर! २०२५ मध्ये यांतल्या काही जणांना जुन्या गुन्ह्यांच्या नोंदींवरून भूतानला परत धाडण्यात आले. भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडले. आणि ते पुन्हा नेपाळमध्ये पोहोचले, जिथे ते नागरिक नव्हतेच. निर्वासित हा शब्द दोघांना लावला म्हणून दोघांचे आर्थिक जीवन एक होत नाही. त्या शब्दाची किंमत एकदा ३६ महिने होती, नंतर आठ.

येथे कोणी म्हणेल : संस्कृतीचा काहीच वाटा नाही का? व्हिएतनामी समाजात 'हुई' नावाची पद्धत आहे. ओळखीचे लोक दरमहा ठरावीक रक्कम जमवतात आणि ती पाळीपाळीने एकेकास मिळते. अनेक दुकाने या पैशावर उभी राहिली. म्हणजे त्यांच्या संस्कृतीतच भांडवल होते! युक्तिवाद छान आहे. फक्त त्याला एक अडचण आहे. नेपाळी समाजातही तंतोतंत अशीच पद्धत आहे. तिला 'ढुकुटी' म्हणतात. आणि मराठी वाचकाला यातले काहीच नवे वाटू नये, कारण आपण तिला भिशी म्हणतो. भिशीतून तेवढेच निघते जेवढे सभासद घालू शकतात. स्थिर पगारदारांची भिशी दुकान उभे करते, अस्थिर मजुरांची भिशी फार तर गावाकडचे कर्ज फेडते. पद्धत तीच, फरक घालणाऱ्याच्या खिशाचा.

अजूनही शंका असल्यास जपानकडे पाहावे. तेथेही हे दोन्ही समाज आहेत. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये सहा लाखांहून अधिक व्हिएतनामी आणि दोन लाख तेहेतीस हजारांच्या आसपास नेपाळी राहत होते. येथील व्हिएतनामी मुख्यतः कोणत्या दाराने आले? १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'तांत्रिक प्रशिक्षण' योजनेच्या दाराने. जपानी सरकारच्या २०२२ च्या पाहणीत असे दिसले की देश सोडण्यापूर्वीच व्हिएतनामी प्रशिक्षणार्थीने दलाल आणि संस्थांना सरासरी ६ लाख ८८ हजार येन मोजलेले असतात, आणि बहुतेकांनी ते कर्ज काढून. आल्यावर मालक बदलण्याची सोय नाही. म्हणून काही जण पळून जातात आणि बेकायदा ठरतात. कॅलिफोर्नियात जो 'आदर्श अल्पसंख्याक', तोच टोकियोत 'समस्या'! लोक तेच, भाषा तीच, टेटचा नववर्षाचा सण तोच. या दोन चित्रांतला फरक 'स्वभावा'ने समजावून दाखवावा, असे आमचे जाहीर आव्हान आहे. २०२४ मध्ये जपानी संसदेनेच ही योजना मोडीत काढून २०२७ पासून दुसरी आणण्याचा कायदा केला. म्हणजे दोष दाराचा होता हे दार बांधणाऱ्यांनीच कबूल केले. आणि नेपाळी? तेथे ते आठवड्यास २८ तासच काम करण्याची मुभा असलेले विद्यार्थी आहेत, किंवा स्वयंपाक्याच्या परवान्यावर येऊन भारतीय जेवण रांधणारे आचारी.

आता साहित्याकडे वळू, कारण आमचे भांडण तिथले आहे. व्हिएत थान्ह न्गुयेन यांच्या 'द सिंपथायझर' या कादंबरीला २०१६ मध्ये पुलित्झर मिळाले. तिच्यावर 'दुहेरी अस्मिता' या विषयाखाली हवे तेवढे लिहिता येते. पण न्गुयेन यांच्या आईवडिलांचे सॅन होजेमध्ये किराणा दुकान होते, त्या दुकानात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे लेखकाने स्वतः अनेकदा सांगितले आहे. ओशन व्हाँग यांच्या २०१९ च्या कादंबरीतली आई नखांच्या दुकानात राबते. मुलगा जिला पत्र लिहितो तिला वाचता येत नाही. हे पत्र 'मातृभूमीची ओढ' म्हणून वाचायचे की कामाने झिजलेल्या हातांची नोंद म्हणून? मंजुश्री थापा यांच्या 'सीझन्स ऑफ फ्लाइट' (२०१०) ची नायिका सोडतीत नाव निघून लॉस एंजेलिसला जाते आणि एका म्हाताऱ्या स्त्रीची निगा राखण्याचे काम करते. सोडत हा तेथे कथानकाचा योगायोग नव्हे. तो तिच्या वर्गाचा इतिहास आहे. आणि त्याही मागे जायचे तर लक्ष्मीप्रसाद देवकोटांच्या 'मुनामदन'पर्यंत (१९३६) जावे. मदन ल्हासाला जातो तो पैसा मिळवण्यासाठी. घरची ओढगस्त आहे म्हणूनच तो विरह आहे. रणजितसिंगांच्या सैन्यात भरती होण्यासाठी लाहोरला जाणाऱ्यांवरून नेपाळीत 'लाहुरे' हा शब्द आला. आज नेपाळच्या सकल राष्ट्रीय उत्पादनाच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास रक्कम परदेशातून घरी पाठवलेल्या पैशाची असते. ज्या भाषेत परगावी जाणाऱ्याचे नावच नोकरीच्या ठिकाणावरून पडले, त्या भाषेच्या स्थलांतराला आपण 'मुळांचा शोध' म्हणतो!

या आंधळेपणाचे कारण आम्हांस आपल्या घरातच दिसते. अमेरिकेतील भारतीय कुटुंबांचे मध्यक उत्पन्न त्याच प्यूच्या हिशेबात १ लाख १९ हजार डॉलर आहे, आणि आपण ते 'आपल्या लोकांच्या बुद्धिमत्ते'च्या खाती जमा करून मोकळे झालो आहोत. पदवी तपासून, मालकाचे पत्र पाहून एकेक माणूस निवडून घेणाऱ्या परवान्याची चाळणी आपण सोयीस्करपणे विसरतो. स्वतःच्या यशाला गुण म्हणायचे ठरवले की दुसऱ्याच्या दारिद्र्याला स्वभाव म्हणणे ओघानेच येते.

साहित्याच्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी वर्गात स्थलांतराची कादंबरी शिकवताना अस्मितेकडे जाण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : हा माणूस कोणत्या कागदावर आला? येताना त्याच्यावर कर्ज किती होते? तो काम कोणाचे करतो? आणि ते काम सोडून देण्याची त्याला मुभा आहे का? ज्यांना या प्रश्नांची सवय नसेल त्यांना सरावासाठी अमेरिकेस जाण्याचेही कारण नाही. १९५० च्या भारत-नेपाळ तहाने नेपाळी माणसाला आपल्याकडे राहण्याची आणि काम करण्याची मोकळीक दिली, आणि तेव्हापासून आपल्या शहरांच्या रात्री तो काठी आपटत, शिटी वाजवत राखतो आहे. आपल्या कथाकादंबऱ्यांत तो 'गुरखा' या एका शब्दात येतो आणि जातो. त्याचे गाव कोणते, पगार किती आणि तो कोणाला पाठवतो, हे विचारायला आपल्या इमारतीच्या फाटकापर्यंत गेले तरी पुरते.