डिजिटल शासनाचे मोजमाप कोठून?

संयुक्त राष्ट्रसंघ दर दोन वर्षांनी देशोदेशींच्या डिजिटल शासनाची क्रमवारी लावतो. 2024 साली 193 देशांत डेन्मार्क पहिला होता, भारत 97 वा. या आकड्याची कोणास खंत वाटेल, कोणास तो अन्याय वाटेल. परंतु हे मोजमाप नेमके कशाचे? संकेतस्थळावरील सेवांचे, दूरसंचाराच्या सोयींचे आणि शिक्षणाचे. अर्ज करणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्यात फारसे दिसत नाही.

मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी 2003 साली विकसनशील देशांतील अशा प्रकल्पांचा ढोबळ हिशेब मांडला: 35 टक्के साफ फसले, 50 टक्के अंशतः फसले आणि अवघे 15 टक्के यशस्वी झाले. आखणी करणाराने गृहीत धरलेली परिस्थिती आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांतील अंतर हे त्यांनी दिलेले कारण.

आपल्याकडे याचा दाखला वारणेचा. 1998 साली कोल्हापूर-सांगलीकडील 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प निघाला. शेतीसल्ला, बाजारभाव, शासकीय माहिती, सारे संगणकावर मिळणार होते. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी गावोगाव जाऊन पाहिले, तेव्हा ते संगणक मुख्यतः कारखान्याच्या उसाच्या नोंदींपुरतेच वापरले जात होते. त्यांनी काही गावांत मोबाइलवरील लघुसंदेशांची सोय करून पाहिली. काम भागले, तेही कमी खर्चात. कौतुकाच्या भाषणांतून हे कधी कळले असते काय?

राळेगाव हा कापसाचा तालुका. 2017 च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरावे लागले आणि त्यांतील माहितीचा बँकांच्या माहितीशी मेळ बसता बसेना, हे येथे कोणी विसरलेले नाही. 2025 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस देण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आवश्यक झाली. बुडालेली मजुरी, सेतू केंद्राच्या फेऱ्या, आधार व सातबारा यांवरील नावांतील तफावत दूर करण्याचा खटाटोप हा अर्थशास्त्राच्या भाषेत त्या सेवेचा खर्चच होय. शासनाच्या लेख्यात मात्र तो शून्य असतो. त्याहून गंभीर गोष्ट ही की, ज्याची नोंदणीच झाली नाही तो अर्जदार म्हणूनही कोठे मोजला जात नाही. त्याचा कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो.

आमचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी छापील अहवालांतील कोष्टके उतरवून काढतात. त्याऐवजी त्यांनी हंगामात बाजार समितीच्या आवारात बसावे. प्रश्न चारच पुरेत: फेऱ्या किती झाल्या, दिवस किती मोडले, पैसे किती गेले, आणि नोंदणी झाली नसल्यास कापूस कोणत्या भावाने विकला.