आधी साचा, मग ऑर्डर

परदेशातून ढालींची ऑर्डर आली आहे, असे कुणी सांगितले तर बाजारात आजही लोक हसतात. ढाल-तलवारीच्या लढाया केव्हाच संपल्या, मग ढाली विकत घेतो कोण? पण घेणारे आहेत, आणि ते माप लावून घेतात. इंग्लंड, जर्मनी, इटली, अमेरिका या देशांत जुन्या रोमन सैनिकांचा वेष करून कवायती करणारी, लुटुपुटूच्या लढाया दाखवणारी मंडळे आहेत. इंग्लंडमधील ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ हे त्यांपैकी एक जुने मंडळ १९७२ साली सुरू झाले. उत्खननात सापडलेल्या वस्तूंशी ताडून आपले सामान तयार करायचे, हा अशा मंडळांचा कटाक्ष असतो. शिरस्त्राणे, चिलखते, तलवारी यांच्या प्रतिकृती आपल्या देशातूनही तिकडे जातात. १९४३ साली सुरू झालेली देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी या मालासाठी बाहेर ओळखली जाते.

लोखंड आणि पितळ या कामांत आपले कारागीर कुणाला हार जाणारे नाहीत. रोमन सैनिकाच्या लाकडी ढालीत मात्र हात अडतो, कारण ती सपाट नसते. कौलासारखी बाकदार असते, आणि हा बाक वर्षानुवर्षे तसाच टिकला पाहिजे. माझे स्पष्ट मत असे की, ज्याच्याकडे बाक देणारा प्रेस नाही त्याने ही ऑर्डर घेऊ नये. ज्याला घ्यायची असेल त्याने पहिला पैसा प्रेसवर खर्च करावा.

हे मत फुकट मिळालेले नाही. आमच्या कारखान्याने पहिली ऑर्डर घेतली ती २४ ढालींची. प्रेस कशाला हवा, असे वाटले. तेलाच्या पिंपावर तीन मिलिमीटर प्लायचे दोन थर पांढऱ्या गोंदाने चिकटवून दोरीने आवळले. कारखान्यातून निघाला तेव्हा माल देखणा होता. पोहोचला तेव्हा कित्येक ढालींचा बाक चार-चार बोटे उघडला होता, काहींच्या कडांचे थर सुटले होते. त्यांतल्या सात ढाली पास झाल्या, बाकीचे पैसे बुडाले. व्यापाऱ्याने नमुन्याचे माप दिलेले होते. चूक आमची होती.

मग जुनी ढाल कशी होती ते पाहिले. सिरियात फुरात नदीच्या काठी दुरा-युरोपोस हे रोमन ठाणे होते. इ.स. २५६ च्या सुमारास ते इराणच्या सासानी फौजेने घेतले. १९२८ ते १९३७ या काळात तेथे अमेरिकेच्या येल विद्यापीठाने फ्रेंचांबरोबर उत्खनन केले. त्यात सापडलेली ढाल आज येलच्या संग्रहालयात आहे. उंची सुमारे १०५ सेंटिमीटर, जाडी जेमतेम ५ ते ६ मिलिमीटर. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या चिनार जातीच्या लाकडाच्या पट्ट्या तीन थरांत चिकटवलेल्या. बाहेरचा आणि आतला थर आडवा, मधला उभा. म्हणजे आपण ज्याला प्लायवूड म्हणतो तीच युक्ती. त्याच्याही चारशे वर्षे आधी पोलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन ढालीचे वर्णन लिहून ठेवले आहे. फळ्यांचे दोन थर सरसाने जोडलेले, वर कापड, त्यावर वासराचे कातडे. थर एकावर एक चिकटवण्याचे काम त्या कारागिरांनाही टाळता आले नव्हते.

आता प्रेसविषयी. प्रथम माप काढावे. घेणारा बहुधा दोन कडांमधले सरळ अंतर आणि बाकाची खोली देतो. अंतराच्या निम्म्याचा वर्ग आणि खोलीचा वर्ग यांची बेरीज करून तिला खोलीच्या दुपटीने भागले की गोलाईची त्रिज्या मिळते. अंतर ६६ आणि खोली २० सेंटिमीटर असेल तर त्रिज्या सुमारे ३७ येते आणि प्लायची रुंदी सुमारे ८१ लागते. या त्रिज्येच्या कमानी जाड प्लायमधून कापून पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर उभ्या कराव्यात, वरून लांबीच्या दिशेने पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे खालचा साचा तयार. वरच्या साच्याच्या कमानी कापताना मधल्या थरांची जाडी धरावी.

येथेच बहुतेक जण फसतात. वरचा साचा अखंड करून मधोमध जॅक लावला की काम झाले असे वाटते. पण जॅक सरळ खाली दाबतो, आणि ढालीच्या कडा जवळजवळ उभ्या असतात. मधे पूर्ण दाब बसतो, कडेला तो निम्म्यावर येतो. थर सुटतात ते तेथेच. म्हणून वरचा साचा तीन भागांत करावा. मधला भाग जॅकने दाबावा, बाजूचे दोन भाग बोल्ट किंवा शिकंजे लावून आतल्या बाजूला आवळावेत. आधी मध्य, मग कडा. त्यामुळे हवा आणि जास्तीचा गोंद बाहेर निघतो. साच्याला गोंद लागू नये म्हणून दोन्हीकडून प्लॅस्टिकचा कागद घालावा.

दाब काढला की लाकूड थोडे मागे उघडतेच. थर जास्त आणि पातळ असले की हे उघडणे कमी होते. सहा मिलिमीटरसाठी तिनाचे दोन घेण्यापेक्षा दोनाचे तीन थर घ्यावेत. साचा ऑर्डरच्या मापापेक्षा थोडा जास्त गोल ठेवावा. किती जास्त, ते पहिले दोन नग काढून मोजूनच ठरते. पांढरा गोंद सुकल्यावरही ताणाखाली हळूहळू सरकतो, त्यामुळे बाक महिन्यांनी उघडतो. युरिया फॉर्मल्डिहाइडचा पुडीचा गोंद तसा सरकत नाही. त्याचा वास डोळ्यांना, छातीला झोंबतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि कामगारांना मास्क द्यावेत.

मधले भोक, मागची आडवी मूठ आणि वरची धातूची वाटी हे काम ढाल प्रेसमधून निघाल्यावरचे. वाटीसाठी मुरादाबादसारख्या ठिकाणचे पितळकाम आपल्याकडे आहेच. रंगाचा प्रश्न काही बांधव विचारतात, कारण जुन्या ढालींवर गरुड, सिंह आणि देवतांची चित्रे असत. बरीच मंडळे आपल्या तुकडीचे चिन्ह स्वतःच रंगवतात. कोरी ढाल कापड चढवून द्यावी आणि तसे आधीच ठरवून घ्यावे. चित्र काढायचे नसेल त्याचेही काम अडत नाही.

आता हिशोबाचे. गोंद पक्का व्हायला ढाल प्रेसमध्ये रात्रभर राहिली पाहिजे. म्हणजे एका प्रेसमधून दिवसाला एक ढाल. २४ ढालींना २४ दिवस, शिवाय सुकणे, कापड, वाटी वेगळे. व्यापारी पंधरा दिवसांची मुदत मागतो, आपण ऑर्डर हातची जाईल या भीतीने हो म्हणतो, आणि मग ढाल चार तासांत बाहेर काढतो. परत येणारा माल असा तयार होतो. मुदत प्रेस पाहून द्यावी, व्यापाऱ्याचा चेहरा पाहून नव्हे.

दुसरे, साच्याची रक्कम बिलात वेगळी लावावी आणि साचा आपल्याच मालकीचा राहील हे लिहून घ्यावे. जो साच्याचे पैसे देतो तो उद्या साचा उचलून शेजारच्या कारखान्यात नेऊ शकतो. तेवढा खर्च एकट्याला जड जात असेल तर तीन-चार सुतारांनी मिळून दोन प्रेस बसवावेत आणि पाळीने वापरावेत.

आपल्याकडे हुन्नर आहे, पण आपण नगावर मजुरी घेतो आणि साधने दुसऱ्याची असतात. पुढची ऑर्डर आली तर व्यापाऱ्याला नमुन्यासाठी एक महिना मागा. त्या महिन्यात प्रेस बांधा, दोन ढाली काढा, पाण्या-पावसाच्या हवेत त्या तशाच ठेवा आणि पुन्हा मापा. बाक तसाच राहिला तर भाव सांगा. नाहीतर प्रेस दुरुस्त करा आणि व्यापाऱ्याला तसे सांगा. थांबायला तयार असलेलाच व्यापारी दुसरी ऑर्डर देतो.