आंस मोडला तर दोष कोणाचा ?

पौषी पौर्णिमेला आमच्या म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला माणसें येतात, तशींच तीं बैलांच्या बाजारालाही येतात. लहानपणापासून मी पाहत आलों आहें कीं, बैल घेणारा मनुष्य दांत मोजतो, पाठीवर थाप मारतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि तरीही जनावराची खोड कळते ती घरीं गेल्यावरच. याज्ञवल्क्यानें याकरितांच परीक्षेची मुदत सांगून ठेविली आहे : वाहणाऱ्या जनावराला पांच दिवस, दुभत्याला तीन, लोखंडाला एक. मोटार ही वाहणारीही आहे आणि लोखंडाचीही आहे. तिला कोणती मुदत लावावी, हा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत केवळ विनोदाचा वाटत असे.

माझा धाकटा पुतण्या कल्याणास नोकरीला आहे. त्यानें एका गृहस्थाकडून तीनचार वर्षें वापरलेली मोटार विकत घेतली. गेल्या वैशाखांत जुन्नरास एका मुंजीला आम्ही तींतून निघालों. पुढें पुतण्या व मी, मागें वहिनी, सूनबाई आणि तिच्या मांडीवर सहा महिन्यांचें मूल. माळशेज घाटाच्या चढावर, ऐन वळणांत, गाडीचें यंत्र एकाएकी निमालें. यंत्र बंद पडलें म्हणजे चक्र हातांत जड होतें आणि ब्रेक दगडासारखा लागतो, हें ज्ञान मला त्या दिवशीं झालें. गाडी हातभर मागें सरली. मागून एक भरलेली मालमोटार येत होती. तिच्या चालकानें ती कशीबशी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून हा लेख लिहावयास मी आज शिल्लक आहें. आम्ही खालीं उतरलों, चाकांमागें धोंडे लावले, आणि मीं सर्वांच्या देखत पुतण्याला म्हटलें, "तुला गाडी हांकतां येत नाहीं, तर घेतोस कशाला ?" तो कांहीं बोलला नाहीं. त्याची बायको खालीं पाहत होती.

पुढें मुरबाडच्या एका कारागिराला गाडी दाखविली. त्यानें पेट्रोल घाण असल्याचें सांगून टाकी धुतली. पुन्हां बंद पडली तेव्हां पुन्हां धुतली. दोन्ही वेळां पैसे घेतले. शेवटीं माझ्या थोरल्या भावाची नात, जी ठाण्यास यंत्रशास्त्र शिकते, ती सुट्टींत आली. तिनें गाडीचें नोंदणीपत्र मागून घेतलें, त्यावरचा सतरा अक्षरअंकांचा चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला, आणि दोन पळांत निकाल सांगितला : या गाडीचा इंधन-पंप सदोष आहे, तो फुकट बदलून देण्याकरितां कंपनीनें गाडी केव्हांच माघारी बोलाविली आहे.

वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, बोलावलें होतें म्हणतां, मग आपल्याला ऐकूं कां नाहीं आलें ?"

ऐकूं आलें नाहीं, कारण पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलें, आणि तो घर बदलून गेला होता. त्यांत आमचाही अपराध होताच. वाहन विकलें तर विकणारानें, राज्य तेंच असल्यास, १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत नोंदणी-कचेरीस कळवावें असा मोटार वाहन कायदा आहे. आमच्या चिरंजीवांनीं तो अर्ज आठ महिने लांबविला होता. कंपनीचें पत्र कागदावरच्या मालकाला शोधतें. गाडींत कोण बसलें आहे हें त्याला ठाऊक नसतें.

हें 'माघारी बोलावणें', ज्याला व्यवहारांत रिकॉल म्हणतात, तें आपल्या देशांत फार जुनें नाहीं. २०१० च्या मार्चमध्यें मुंबईस मुलुंडच्या बाजूला एक नवी कोरी नॅनो मोटार दुकानांतून घरीं नेत असतांनाच पेटली. पुढें नोव्हेंबरांत टाटा कंपनीनें आधीं विकलेल्या नॅनोंच्या धुराड्याच्या व विजेच्या भागांस फुकट जादा संरक्षण बसवून देऊं केलें, पण त्याला रिकॉल म्हणावयास ती तयार नव्हती. २०१२ सालीं कारखानदारांच्या संघानें स्वेच्छेचा नियम केला. खरें बंधन आलें तें २०१९ च्या दुरुस्तीनें घातलेल्या ११०-अ या कलमानें, आणि त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. वाहनांतील दोषामुळें हवेला, चालकाला, आंत बसणाऱ्यांना किंवा रस्त्यावरच्या इतर कोणालाही अपाय होण्याजोगा असेल, तर सरकार कंपनीला तीं वाहनें परत बोलावण्यास भाग पाडूं शकतें. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. मात्र कंपनीनें दोष आपण होऊन कळविला व बोलावणें धाडलें, तर दंड नाहीं. म्हणूनच बहुतेक बोलावणीं कंपन्याच काढतात. शहाणपण आणि स्वार्थ येथें एकाच गाडींत बसले आहेत. सरकारी सक्तीचा हा नियम सात वर्षांच्या आंतल्या वाहनांना लागतो, हेंही ध्यानांत असावें.

ज्यांना हें सारें दूरदेशींचें वाटतें, त्यांच्यासाठीं जवळचीं उदाहरणें देतों. नाशकास महिंद्राच्या कारखान्यांत २१ जून ते २ जुलै २०२१ या दिवसांत बांधलेल्या सहाशेंच्या आंत डिझेल गाड्या तपासणीस बोलावल्या, कारण कारखान्यांत आलेलें इंधनच भेसळलेलें असल्याचा संशय होता. त्याच कंपनीनें ऑगस्ट २०२३ मध्यें चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ७०० या जातीच्या १,०८,३०६ गाड्या बोलावल्या; यंत्राच्या कप्प्यांतील तारांची जुडी घासून कापली जाण्याचा धोका होता. आपल्या तालुक्यांतल्या तरुणांची आवडती बुलेट घ्या : मे २०२१ मध्यें रॉयल एनफील्डनें ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या दोषावरून २,३६,९६६ फटफट्या बोलावल्या. पुण्यास लोहगांवीं मार्च २०२२ मध्यें विजेची स्कूटर पेटली, त्यानंतर ओला कंपनीनें १,४४१ स्कूटरी तपासावयास परत घेतल्या. बोलावणें आलें म्हणजे कंपनी लबाड, असें समजण्याचें कारण नाहीं. न बोलावणारीची मात्र मला भीति वाटते.

आतां आमचें पुढें काय झालें तें सांगतों, कारण वाचकांस उपयोग त्याचाच आहे. आम्ही गाडी हांकत नेली नाहीं, लादून नेली. विक्रेत्याच्या कारखान्यांतील कारकुनानें प्रथम सांगितलें कीं, पत्र आणा. पत्राची गरज नसते, चेसिस क्रमांक पुरे. मग तो म्हणाला कीं, गाडी आमच्याकडून घेतलेली नाहीं. कंपनीच्या कोणत्याही अधिकृत विक्रेत्याकडे हें काम होतें, आणि मालक पहिला कीं दुसरा हा प्रश्नच नाहीं. मग म्हणाला, वॉरंटी संपली. वॉरंटी हा निराळा करार आहे. बोलावण्याच्या कामाचा तिच्याशीं संबंध नाहीं. नातीनें हें सारें इतक्या शांतपणें सांगितलें कीं, माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीचा मला अंमळ संकोच वाटला.

शेवटीं त्यानें कामाचा कागद, म्हणजे जॉब कार्ड, पुढें केला. त्यावर गाडी धुणें, तेल बदलणें, चाकें साधणें अशी कलमें भरलीं होतीं आणि खालीं सही मागितली होती. येथें पुष्कळ भले गृहस्थ फसतात. फुकट काम म्हणजे नवा भागही फुकट आणि मजुरीही फुकट. बाकीचें काम तुम्ही मागितलें तरच. आम्हीं तीं कलमें खोडावयास लावलीं, दोषाचें नांव व 'रिकॉल' हा शब्द लिहून घेतला, आणि प्रत घरीं ठेविली. भाग यावयास अकरा दिवस लागले. तोंवर गाडी तेथेंच उभी राहिली. ऐकलें नसतें तर कंपनीच्या ग्राहक-कचेरीस लेखी तक्रार, मग १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी, आणि त्यानेंही न भागलें तर जिल्हा ग्राहक आयोग, अशा पायऱ्या आम्हीं योजून ठेविल्या होत्या. आणखी एक : दूरध्वनीवरून कोणी बोलावण्याच्या नांवाखालीं पैसे मागूं लागला, तर तो कंपनीचा मनुष्य नव्हे असें खुशाल समजावें.

त्या अकरा दिवसांत मीं मनुस्मृतीचा आठवा अध्याय पुन्हां काढला. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस मोडला, चाक मोडलें, तर झालेल्या इजेबद्दल दंड नाहीं, असें तेथें आहे. पण हांकणाराच्या अडाणीपणानें वाहन भलतीकडे जाऊन कोणास इजा झाली, तर मालकाला दोनशें पण दंड. हा भेद मी वर्गांत कितीदां तरी समजावून दिला असेन. आंस घडविणाऱ्या सुताराला कोणी विचारावें, हें मात्र त्या श्लोकांत नाहीं. तेवढें कलम ११०-अ नें पुढें नेलें. आणि मीं तर घाटांत मनूइतकाही विचार केला नाहीं. आंस मोडला होता, आणि मीं हांकणाराला दंड केला, तोही त्याच्या बायकोच्या देखत.

गाडी घरीं आली त्या संध्याकाळीं जेवणाच्या पंगतींत, सर्व मंडळी असतांना, मीं पुतण्याला म्हटलें कीं, घाटांत मी बोललों तें चुकीचें होतें. तो म्हणाला, "काका, नांव बदलायचा अर्ज आठ महिने पडला होता, तो माझाच." सूनबाईंनीं दोघांच्याही पानांत भात वाढला.

वहिनी मात्र अजून जुन्नरास एस. टी. नेंच जातात.